पाहुण्यांसाठी धुतलेली नदी

कल्पना करा, तुम्हाला एका समितीचा इतिहास लिहायचाय. राजाचा नाही, लढाईचा नाही, समितीचा. सार्वजनिक बांधकामे व पर्यावरण समिती, संसदेची. वर्धापनदिनासाठी छोटं गुळगुळीत पुस्तक काढायचंय, फोटो भरपूर, मजकूर बेताचा. प्रत्येक पंथाच्या सभासदाला सारखी जागा मिळाली पाहिजे, नाहीतर प्रकाशनाच्या दिवशीच भांडण. कोणाला दुखवायचं नाही. आणि समितीनं काय केलं, हे तर सांगायचंच. आता बसा लिहायला.

विदाद सक्र बसली होती. समितीच्या सचिवपदावर तिचा जन्म गेला होता आणि वसंतात ती निवृत्त होणार होती. नवे अध्यक्ष म्हणाले होते, "विदादबाई, तुमच्याशिवाय कोण लिहिणार? तुम्ही म्हणजे चालतीबोलती समिती!" चालती खरी. बोलती मात्र ती कधीच नव्हती. सचिवानं बैठकीत बोलायचं नसतं. सभासद बोलतात, सचिव इतिवृत्त लिहितो. पहिल्याच दिवशी तिला हे सांगितलं गेलं आणि तिनं ते आयुष्यभर पाळलं.

इतिहासाचा सुरुवातीचा भाग सोपा होता. आधी ती नुसती बांधकाम समिती होती. रस्ते, पूल, बंदराचा धक्का. मग युद्ध आलं. संसदेची इमारत नेमकी दोन्ही बाजूंच्या बंदुकांच्या मधे, त्यामुळे बैठका अध्यक्षांच्या दिवाणखान्यात व्हायच्या. निवडणुका होत नव्हत्या म्हणून सभासदही तेच. कोणी मेला तर त्याची खुर्ची रिकामी ठेवून कॉफी मात्र आणली जायची. युद्ध संपल्यावर परदेशी पाहुणे मदतीच्या गोष्टी घेऊन आले, आणि त्यांच्या तोंडी पर्यावरण हा शब्द वारंवार यायला लागला. तेव्हा तो समितीच्या नावाला जोडला गेला. दारावरच्या पाटीवर जागा उरली नव्हती, म्हणून शेवटची अक्षरं रंगाऱ्यानं चौकटीवर चढवली.

विदाद त्याच सुमारास लागली. वशिल्यानंच. तिच्या गावच्या खासदारांनी शब्द टाकला, आणि नोकऱ्या पंथवार वाटलेल्या, त्यात कॅथलिकांच्या वाट्याची जागा रिकामी होतीच. गावात सगळ्यांनी बकलाव्याची मिठाई वाटली. आपली पोरगी संसदेत, म्हणजे आता नदीचं काम झालंच, असं जो तो म्हणत होता.

नदी गावाला खेटून जाते. विदादच्या लहानपणी बायका तिच्यात गालिचे धुवायच्या. पुढे वरच्या अंगाला शहर वाढलं, कातड्याचे कारखाने आले आणि सगळ्यांची गटारं नदीत उतरली. उन्हाळ्यात पाणी काळं आणि दाट व्हायचं. वास असा की वऱ्हाडं खिडक्या बंद करून गावातून जायची. शेतांना पाणी मात्र तेच. झऱ्याचं एक तळं होतं, पण ते पुरायचं नाही. गावाची मागणी एकच होती: वर सांडपाणी शुद्धीकरणाचं केंद्र. त्याचं विधेयक समितीकडे आलं आणि समितीत राहिलं.

"काय ताई, तुमची समिती जिवंत आहे ना?" तिचा धाकटा भाऊ मिल्हिम दर रविवारी विचारायचा. "की तिलाही दफन केलं?"

"गप बस. विषय यादीत आहे."

"यादीत! महाप्रलयात नूहच्या नावेतसुद्धा इतक्या वेळात जनावरं चढून उतरली असती." त्याची बायको नबीहा हसायची. मिल्हिमच्या तोंडाला लगाम नव्हता, पण मन लोण्याचं. गावात कोणाकडे पाहुणा आला तर पहिली कोंबडी मिल्हिमच्या अंगणातून जायची.

विदादच्या हातात एकच गोष्ट होती. बैठकीची विषयपत्रिका ती तयार करायची. दर बैठकीला ती नदीचा विषय शेवटून वर सरकवायची. गणपूर्ती होत नसली की अर्धा तास थांबायची रीत होती. त्या अर्ध्या तासात ती अध्यक्षांपुढे कॉफी ठेवायची आणि नदीचा फोटो. अध्यक्ष होते नस्री बेक, जुन्या घराण्यातले, मऊ बोलणारे, हात कायम दुसऱ्याच्या खांद्यावर. बऱ्याच वर्षांनी एकदा त्यांनी फोटो उचलून पाहिला.

"इतकं काळं?"

"याहून काळं, बेकसाहेब. वास फोटोत येत नाही."

"मग जाऊन बघू या. समिती प्रत्यक्ष पाहील आणि तिथल्या तिथे शिफारस करेल. लिहा."

तिनं लिहिलं. त्या संध्याकाळी तिनं मिल्हिमला फोन केला. "ऐक. समिती येतेय. काहीही करायचं नाही. त्यांना सरळ पुलावर न्यायचं. फार तर कॉफी. कळलं?"

"कळलं, कळलं," मिल्हिम म्हणाला. "काही नाही करत."

आमच्याकडे 'काही करू नका' कोण म्हणतं? जो येणार तोच म्हणतो. आणि ऐकणाऱ्यानं त्याच क्षणी बोकड बघायचा असतो. काही करू नका म्हटल्यावर खरंच काही केलं नाही, अशा घराची सोयरीक मोडते. विदादला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण संसदेत राहून राहून तिला वाटायला लागलं होतं की सांगितलेलं वाक्य लिहिलेल्या वाक्यासारखं असतं.

समितीची बस गावात शिरली तेव्हा तिनं खिडकी उघडली. दर वेळी वळणावरच नाकाला झोंबायचा तो वास आला नाही. लोबानचा आला. चर्चमधली सगळी धुपाटणी रस्त्याकडेनं लावली होती. पुलाच्या कठड्याला ताजा चुना होता. काठावरचा गाळ नगरपालिकेच्या यंत्रानं ओढून वर माती पसरली होती, आणि मातीवर चक्क गुलाबपाणी शिंपडलं होतं. शाळेतल्या मुली डहाळ्या हलवत होत्या.

आणि नदी वाहत होती. पातळ, फिकट, जवळजवळ स्वच्छ.

विदाद खाली उतरली ती थेट भावाकडे गेली. त्यानं लग्नातला कोट घातला होता.

"हे पाणी कुठून आलं?"

"तळ्याची झडप उघडली," मिल्हिम अभिमानानं म्हणाला. "पहाटेपासून सोडलंय. सगळ्यांनी शेताच्या पाण्याची आपापली पाळी दिली. वरच्या शहरवाल्यांनाही सांगून ठेवलं, दुपारपर्यंत तुमचं जरा तुंबवून धरा. आमच्याकडे मोठे लोक येतायत."

"मिल्हिम! अरे ते घाण बघायला आलेत!"

"हळू बोल. डोकं फिरलंय का तुझं? माणसं दारात येणार आणि दारात गटार ठेवू? आईनं हेच शिकवलं का आपल्याला?"

"मी सांगितलं होतं ना काही करू नका म्हणून?"

"ते तर तू म्हणणारच. तू घरचीच ना!" मग त्यानं तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ताई, आम्ही तोंडानं सांगू की सगळं. जेवताना सांगू. पोट भरलेला माणूस नीट ऐकतो."

जेवताना कोणी सांगितलं नाही. अख्खी भरलेली मेंढी, कुटलेल्या कच्च्या मांसाचं किब्बे, हिरव्या पाल्याची ताबूले कोशिंबीर, दोन प्रकारच्या द्राक्षांची अरक दारू. नबीहा आणि गल्लीतल्या बायका आदल्या दिवसापासून राबल्या होत्या. गावच्या पाद्रींनी सभासदांच्या घराण्यांची स्तुती केली. नस्री बेकनी मिल्हिमच्या हातून घास घेतला. अशा वेळी गटाराची गोष्ट कोण काढणार? मिल्हिमनं दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा शेजारच्या सभासदाचं ताट रिकामं दिसलं आणि त्यानं वाढलं.

मग सगळे पुलावर आले. नस्री बेक कठड्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. विदाद मागे, हातात वही. बोलायचं असेल तर हीच वेळ होती. सचिव बोलत नसतो. नस्री बेकनी खिशातून रुमाल काढला, ओठ पुसले, तसाच नाकाजवळ क्षणभर धरला आणि परत ठेवला.

"लिहा," ते म्हणाले. "समितीनं नदीची पाहणी केली. स्थिती समाधानकारक. ग्रामस्थांची स्वच्छतेबद्दलची आस्था कौतुकास्पद. विधेयक अधिक अभ्यासासाठी उपसमितीकडे."

तिनं लिहिलं.

दुपारनंतर शहरवाल्यांनी तुंबवलेलं सगळं एकदम सुटलं. संध्याकाळी काठावरची माती, गुलाबपाणी, सगळं त्याखाली गेलं. तळं रिकामं होतं, म्हणून त्या उन्हाळ्यात भाजीला नदीचंच पाणी दिलं गेलं.

उपसमिती एकदा भरली. पुढच्या वेळी गणपूर्ती झाली नाही. मग निवडणूक, मग नवी समिती, जुन्या विधेयकांची छाननी आणि त्या छाननीसाठी आणखी एक उपसमिती. विदाद विषय वर सरकवत राहिली, पण आता कोणी तरी म्हणायचंच, "याची पाहणी झालीय ना? स्थिती समाधानकारक होती." तिनंच लिहिलेलं वाक्य तिलाच वाचून दाखवलं जायचं.

काही वर्षांनी मिल्हिमला रक्ताचा कर्करोग निघाला. त्याच गल्लीत त्याच्या आधी आणखी काहींना झाला होता. डॉक्टर नदीचं नाव घेत नव्हते. सिद्ध करता येत नाही, म्हणाले. मिल्हिमला सिद्ध करायचं नव्हतंच. त्याच्या डोक्यात वेगळाच भुंगा शिरला होता.

"ताई," इस्पितळात तो म्हणाला. आवाज राहिला नव्हता, थट्टा होती. "मी झडप उघडली नसती तर केंद्र झालं असतं का गं?"

"काहीतरी बोलू नकोस."

"नाही, तू आतली आहेस. तुला माहीत असणार. माझ्या एका मेंढीनं सगळ्या गावाला मारलं का?"

"मिल्हिम, झोप."

"म्हणजे माहीत नाही तुला. इतकी वर्षं कसली कारकुनी केलीस?"

तो ईस्टरच्या आधी गेला. नस्री बेक सांत्वनाला आले. सुतकातली बिनसाखरेची कॉफी घेतली, नबीहाच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, असा यजमान पुन्हा होणार नाही.

आता पुस्तकासाठी माजी अध्यक्षांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. यादीत नस्री बेक हयात असलेले सर्वांत जुने. विदाद त्यांच्या घरी गेली तेव्हा ते सज्जात घोंगडं पांघरून बसले होते. ऐकू बरं येत होतं, आठवणी मात्र चाळणीतून गळाव्यात तशा गळत होत्या. बंदराचा धक्का आठवला. दिवाणखान्यातल्या बैठका आठवल्या. तिनं लिहून घेतलं. मग वही मिटली.

"बेकसाहेब, नदीची पाहणी आठवते? माझ्या गावची."

त्यांचा चेहरा उजळला. "ती मेंढी! आणि ते किब्बे! तुझा भाऊ ना तो? काय माणूस!"

"त्या दिवशी पुलावर तुम्हाला वास आला होता का?"

बेकनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून ते मऊ आवाजात म्हणाले, "पोरी, पाहुण्याला वास येत नसतो."

उभ्या आयुष्यात कोणत्याही अध्यक्षासमोर तिनं आवाज चढवला नव्हता. आता चढवला. "तुम्ही पाहुणे नव्हतात! समिती होतात! जेवण नसतं, लोबान नसता, ती घाण तशीच पायाखाली असती, तर शिफारस केली असतीत का? एवढंच सांगा. हो की नाही?"

आतून त्यांची मुलगी धावत आली. "काय झालं, विदादबाई?"

"काही नाही," बेक म्हणाले. "जेवायला थांबवा हिला. काहीतरी बनवा."

"काही करू नका," विदाद म्हणाली, आणि मुलगी स्वयंपाकघराकडे वळली सुद्धा.

पुस्तक निघालं. पाहणीच्या पानावर नव्या अध्यक्षांनी स्वतः फोटो निवडला: लांब टेबल, हसणारे सभासद, वाढायला वाकलेला मिल्हिम. मजकुरात विदादनं त्या दिवसाबद्दल एक ओळ लिहिली होती, की नदी त्या सकाळी धुतलेली होती. छापताना ती गेली. जागा नव्हती, म्हणाले.

एक प्रत तिनं नबीहाला नेऊन दिली. नबीहानं फोटोवरून बोट फिरवलं. खिडक्या बंद होत्या, तरी वास आत येतच होता.

"विचारलंस त्यांना?"

"विचारलं."

"मग?"

विदादनं सांगितलं. नबीहानं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "हे उत्तर झालं का?"

नाही झालं. वास आला होता, इतकं त्यातून कळतं, बाकी काहीच नाही. विदाद रोज स्वतःलाच दोन्ही बाजूंनी विचारते. हो म्हटलं, तर मिल्हिमच्या हातून घडलं. नाही म्हटलं, तर गावाला, तिला, त्या सगळ्या वर्षांना काहीच अर्थ नव्हता. कोणतं खरं निघावं अशी प्रार्थना करायची, हेही तिला कळत नाही. पण कळायला हवंय. कोणीतरी, त्या टेबलाशी बसलेल्यांपैकी कोणीही, मरण्याआधी तिला एवढं सांगेल का: नदी घाण ठेवली असती, तर तुम्ही काही केलं असतंत?