हाक यायला वेळ लागायचा

लग्न होऊन मी घाटंजीला आले ती छप्पन्न साली. हे तहसील कचेरीत कारकून होते. बोलताना त्यांची जीभ अडते, हे लग्न ठरताना कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या नावाचं पहिलंच अक्षर त्यांना नेमकं जड जायचं. म्हणून ते मला नावाने हाक मारत नसत, नुसतं खाकरत.

सुरुवातीला मला त्यांची दया यायची, आणि दयेपेक्षा घाई जास्त. शब्द अडला की मीच तो पुरा करून टाकायची. "भा... भा..." म्हणाले की मी ताटात भाकर वाढून मोकळी. एकदा जेवताना ते म्हणाले, "आज क... क..." मी कचेरी म्हटलं, कपडे म्हटलं, कापूस म्हटलं. ते हात धुऊन उठले. मग तीन दिवस घरात बोलणंच नाही.

चौथ्या दिवशी मी विचारलं, "माहं काही चुकलं काय?"

ते माझ्याकडे वळले. "तू माहा श... शब्द काहून पळवतेस? मलेच बोलू दे. उशीर होईल, पण बोलीन मी."

"मग त्या दिवशी काय म्हणत होते?"

"क... कण्हेर फुलली म्हणत होतो. कचेरीमागची."

मला हसू आलं, आणि लगेच डोळे भरून आले.

तेव्हापासून मी थांबायला लागले. शब्द अडला की त्यांच्या पापण्या थरथरत, अंगठा मुठीत दाबला जाई. मी तिकडे पाहत बसायची. पुढे पुढे ते पाहणंच मला आवडू लागलं. भरल्या विहिरीत डोकावल्यासारखं वाटायचं.

एका बाजाराच्या दिवशी मी बांगड्यांपाशी पुढे गेलेली. मागून माझ्या नावाचं पहिलं अक्षर आलं. पुन्हा तेच, पुन्हा तेच. गुळाच्या दुकानातली माणसं हसली. शेजारी डिंक विकत बसलेली तांड्यावरची म्हातारी म्हणाली, "अवो, तुलेच बलावून राह्यला वाटते. जाय ना!"

मी गेले असते तर ते सुटले असते. पण मी जागची हलले नाही. उन्हात कोथिंबिरीचा वास दरवळत होता, मनगटावर काच गार लागत होती, आणि सगळा बाजार कुठेतरी लांब गेल्यासारखा वाटत होता. मग माझं अख्खं नाव आलं.

"आली," मी म्हटलं. ते घामाघूम झाले होते आणि हसत होते.

"काय काम होतं?"

"काही नाही. मा... मारून पाहिली हाक."

पुढे त्यांची आर्णीला बदली झाली. तिथे संध्याकाळी चुलीपाशी पाटावर बसून ते वाटेत पाहिलेलं सांगत: तुरीवरचे पोपट, नदीचं पाणी, कोणाचा तरी चुकलेला बैल. मी ऐकत राहायची, आणि वरण कितीदा तरी बुडाला लागायचं.