एक माणूस कमी

व्हर्ला हिनरिक्सच्या तळघरात आजवर किती पुढारी घडले, याचा हिशेब आयोवात कुणी ठेवलेला नाही. पुढारी म्हणजे त्यांच्या हाताखालची पोरं. निवडणूक आली की कुणाच्या तरी प्रचाराला यायची, व्हर्लाकडे फुकट राहायची, तिचं ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल चापायची आणि देश बदलायला निघून जायची. देश होता तिथेच राहिला. कॅसरोलची भांडी तेवढी हरवत गेली.

त्यातलाच कोल्बी. उमेदवार आपटला, तसं त्याने राजकारण सोडलं आणि नाटक लिहिलं. प्रचारातली हाव, प्रचारातला दगा. राजधानीत, डे मॉइनला, प्रयोग लागला तेव्हा त्याने व्हर्लाला पहिल्या रांगेतली दोन तिकिटं पाठवली. ती थोरल्या बहिणीला, अर्डिसला, घेऊन आली. व्हर्ला म्हणजे शाळेच्या पोरांना जेवण रांधण्यात जन्म गेलेली बाई. नाटकात तुम्हीही आहात असं कोल्बीने कळवलं, म्हणून केस सेट करून आली होती.

पडदा उघडला. समोर व्हर्लाचंच स्वयंपाकघर. एप्रन घातलेल्या नटीपुढे कोटातला पोरगा आर्जवं करत होता.

"आमच्या बाजूला उभं राहा असं म्हणतच नाही मी. फक्त येऊ नका. बहिणीला सांगा, थंडीने गाडी सुरू होत नाही."

व्हर्ला अंधारातच कार्यक्रमपत्रिका चाळू लागली.

त्यांच्या पक्षात तेव्हा उमेदवार निवडायला मताची चिठ्ठी नव्हती. शाळेच्या जिममध्ये जमायचं, आपापल्या माणसाच्या कोपऱ्यात उभं राहायचं. डोकी कमी भरली की कोपरा मोडला, त्यातली माणसं दुसऱ्या कोपऱ्यात. कोल्बी तळघरात राहिला त्या वर्षी अर्डिस एका कोपऱ्याची म्होरकी होती. एक माणूस कमी पडलं. साऱ्या गावादेखत तिचा कोपरा मोडला आणि कोल्बीचा फुगला. अर्डिसने व्हर्लाच्या गाडीला शिव्या घातल्या. बहिणीला नाही.

मध्यंतरात तिने व्हर्लाला खांबाआड ओढलं.

"गाडी सुरू होत होती?"

"अगं, नाटक आहे ते. हे लेखक लोक काहीही..."

"मी नाटकाचं विचारत नाहीये."

"किती खरं वाटतं, नाही?" वाइनचा प्याला सावरत एक बाई दोघींना म्हणून गेली.

व्हर्लाला आणखी एक थाप सुचली होती. बरी होती. तिने ती गिळली.

"होत होती."

"काय दिलं त्याने तुला?"

"काही नाही. म्हणाला, तुमच्यावाचून आमचं अडतं. मला असं कधी कुणी म्हटलं नव्हतं."

"मी म्हटलं होतं. फोनवर. तू म्हणालीस, येते."

"अर्डिस, त्या पोराने..."

"पोरगा परका, व्हर्ले. त्याला त्याचा पगार मिळत होता. तुझं काय?"

अर्डिसने कोट चढवला आणि टॅक्सी बोलावून निघून गेली.

दुसरा अंक व्हर्लाने रिकाम्या खुर्चीशेजारी पाहिला. शेवटी एप्रनवाली बाई ढसाढसा रडली, बहिणीने तिला पोटाशी धरलं. प्रेक्षक डोळे पुसत उभे राहिले. टाळ्या थांबेनात.

कोल्बी धावत आला. चेहरा लाल, हातात फुलं.

"व्हर्ला, खरं सांगा, कसं वाटलं?"

"छान. सगळं होतं तसंच लिहिलंस."

"आणि शेवट?"

"तेवढा मनचा लिहिलास," व्हर्ला म्हणाली, आणि कोट शोधायला गेली.