एका बास्केटला किती पिशव्या

आमच्या टीममध्ये पगार घेणारा खेळाडू एकच होता. तो पगार कुठून येतो हे मला नेमकं माहीत होतं, कारण त्यातला थोडा मी स्वतःच शनिवारी सकाळी सुपरमार्केटच्या काउंटरपाशी उभी राहून गोळा करत असे. गिऱ्हाइकाचं सामान त्याच्याच पिशवीत भरून द्यायचं, बटाटे खाली, अंडी वर, आणि त्याने शेजारच्या बादलीत नाणं टाकलं की हसून थँक यू म्हणायचं. बादलीवर क्लबचं नाव चिकटवलेलं असे. आयर्लंडमध्ये शाळा, क्लब, चर्च, सगळे असेच पैसे जमवतात, हे मला तेव्हा नवीन होतं. नागपूरला इंजिनिअर झाले, विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळले आणि शेवटी लोकांचे कोबी भरायला इथे आले, असं मी नवऱ्याला ऐकवायचे. तो म्हणायचा, "अगं, घराबाहेर तर पडतेस ना? मग ग्रँड आहे." तिथे 'ठीक आहे' म्हणायला ग्रँड म्हणतात, आणि त्या देशात दीड वर्ष काढल्यावर त्याला सगळंच ग्रँड वाटायला लागलं होतं.

हे २००२च्या हिवाळ्यातलं. नवरा शॅननच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता. भाडं कमी म्हणून आम्ही तिथून वीस मिनिटांवरच्या एका छोट्या गावात राहत होतो. सकाळी साडेसातला तो गाडी घेऊन जाई आणि संध्याकाळी सातला येई. मधला वेळ माझा. माझ्या पासपोर्टवर काम करायला परवानगी नसल्याचा शिक्का होता आणि गावात मराठी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. मला फार एकटं वाटायचं. हे वाक्य तेव्हा कुणापाशी बोलता आलं नाही, म्हणून इथे सरळ लिहिते. नागपूरहून आई दर आठवड्याला फोनवर विचारायची, "काय करून राहिली गं? कोणी बोलाले आहे का नाही तिथं?" मी म्हणायचे, "आहे ना, खूप जण आहेत." खूप जण म्हणजे पोस्टातली बाई आणि घरमालक.

एकदा पावसात भाजी घेऊन येताना गावच्या हॉलमधून बॉल लाकडी फरशीवर आपटल्याचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन. आत गेले. दाराशी क्लबच्या सेक्रेटरीबाई बसल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, चष्म्याला दोरी. मला वाटलं तिकीट मागतील. त्यांनी विचारलं, "तुला स्कोअरशीट लिहिता येतं का? आमचा लिहिणारा आज आलेला नाही." मी हो म्हणाले. तो लिहिणारा पुढेही कधी आला नाही.

परदेशातली राष्ट्रीय लीग म्हणजे सगळे व्यावसायिक खेळाडू, अशी माझी समजूत होती. आमची टीम खालच्या गटात, आणि त्या गटातही तळाशी. सेंटर खेळायचा तो पोस्टमन. दोन शाळामास्तर, एक इलेक्ट्रिशियन, एक बँकेतला. यांना पगार सोडाच, उलट हेच वर्गणी भरून खेळायचे. नियमाप्रमाणे एक परदेशी खेळाडू ठेवता येई, तो आमचा अमेरिकन. क्लबने त्याला चिप्सच्या दुकानावरची ओलसर खोली दिली होती, एक जुनी गाडी दिली होती आणि आठवड्याला ठरावीक रक्कम. ती माझ्या नवऱ्याच्या पगाराच्या पावही नव्हती, पण गावाच्या मते ढीगभर होती. "एवढे पैसे घेतो तर जिंकून का देत नाही?" असं पिशवी भरता भरता मलाच विचारायचे लोक. आम्ही पहिले पाच सामने हरलो होतो. पोस्टमनला कुणी काही विचारत नसे, तो फुकट हरत होता.

अमेरिकन बत्तीस-तेहतीस वर्षांचा होता. पाच-सहा देश फिरून झाले होते. त्याची माझी ओळख सामन्यात स्कोअरच्या टेबलावर नाही, कोपऱ्यावरच्या दुकानात झाली. आम्ही दोघंही परदेशी फोन करायचं पाच युरोंचं कार्ड घ्यायला तिथे जायचो आणि दोघंही दुकानदाराला एकच प्रश्न विचारायचो, कुठल्या कार्डात मिनिटं जास्त? त्याला घरी मुलीशी बोलायचं असे, आठ वर्षांची होती. मला आईशी. गावात घरी बोलायला मिनिटं मोजायची अडचण फक्त आम्हालाच होती.

मंगळवारी दुपारी तो शाळेच्या मुलांना हॉलमध्ये शिकवायचा. एकदा मी स्कोअरशीटं ठेवायला गेले, तर मुलं गेलेली आणि तो एकटाच फ्री थ्रो मारत होता. एक बॉल घरंगळत माझ्या पायाशी आला. अंगात सलवार-कमीज, वर जाकीट. मी लाइनवर उभी राहिले आणि मारला. बोर्डलाही लागला नाही. लाज वाटली, पण दुसरा आत गेला. आवाजसुद्धा न करता, नुसता जाळीतून. तो म्हणाला, "तुम्ही खेळाडू आहात, मॅम." खेळत होतात का, असं विचारलं नाही, आहात म्हणाला. घरी येऊन मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

मग दर मंगळवारी मी जाऊ लागले. मी पास द्यायचे, तो मारायचा, नंतर उलट. फारसं बोलायचो नाही. पण असं कुणी हाताशी बॉल आणून दिला की बोलण्याची फार गरजही उरत नाही. तिसऱ्या की चौथ्या मंगळवारी माझ्या लक्षात आलं की तो डाव्या पायावर उतरतच नाही. मी त्याच्या गुडघ्याकडे बघते आहे हे त्यालाही दिसलं. म्हणाला, "मार्चपर्यंत टिकेल. मार्चला सीझन संपतो, तोवर टिकला की झालं." सीझन पुरा केला तर पगाराशिवाय ठरलेली रक्कम त्याच्या हाती पडणार होती, आणि मुलगी उन्हाळ्यात त्याच्याकडे राहायला येणार होती. त्यासाठी त्याला तिकडे भाड्याने वेगळं घर घ्यायचं होतं. कुणाला सांगू नका, असं तो म्हणाला नाही. म्हणायची गरज आहे असं त्याला वाटलं नसावं.

आता वहीबद्दल सांगायला हवं. नागपूरला आमचे कोच सर बेंचवरच्या मुलींना रिकामं बसू देत नसत. "हात चोळू नका, लिहा," म्हणायचे. अर्ध्या कोर्टाचं चित्र काढायचं, कुणी कुठून मारलं तिथे खूण करायची. आत गेला तर टिंब, चुकला तर फुली. मी इथेही स्कोअरशीटच्या खाली एक लांब वही ठेवून तेच करत होते. कुणी सांगितलं नव्हतं. आकडे मराठीत, खेळाडूंची नावं नाहीत, नुसते नंबर. अमेरिकनचा नंबर १४. डिसेंबरपर्यंत १४च्या पानांवर डावी बाजू कोरी राहायला लागली होती आणि चौथ्या क्वार्टरमध्ये फुल्यांचं रान माजलं होतं.

जानेवारीत एका सामन्यानंतर सेक्रेटरीबाईंनी वही उचलली. "हे काय आहे गं?" मी थोडं सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. "बुधवारी कमिटीची मीटिंग आहे माझ्या घरी. ही घेऊन येशील?"

मी गेले. नुसती गेले नाही, ठेवणीतला ड्रेस घालून, केस धुऊन गेले. आदल्या दिवशी सगळे आकडे एका कागदावर नीट उतरवून काढले. दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी मला काहीतरी समजावून सांगायला बोलावलं होतं. बाईंच्या स्वयंपाकघरात चहा, बिस्किटं आणि पाच माणसं. मी अर्धा तास बोलले. माझं इंग्रजी त्या दिवशी कुठेच अडखळलं नाही. १४ नंबर डावीकडून जात नाही, उडी एकाच पायावर घेतो, शेवटच्या दहा मिनिटांत त्याचे दोन तृतीयांश शॉट चुकतात.

खजिनदार म्हणजे हार्डवेअरच्या दुकानाचा मालक. त्याने विचारलं, "असं का होत असेल?"

मी म्हणाले, "गुडघा. मंगळवारी सरावातही तेच दिसतं."

शाबासकी मिळाल्यावर जीभ सैल सुटते, तशी माझी सुटली होती. वर मी एक गंमतही केली. कागदाच्या तळाशी हिशोब मांडला होता, अमेरिकनच्या एका बास्केटसाठी आम्हाला सुपरमार्केटमध्ये किती पिशव्या भराव्या लागतात. ऑक्टोबरमध्ये अकरा. नाताळपर्यंत एकोणतीस. सगळे खो खो हसले. माझ्या विनोदाला त्या देशात पहिल्यांदाच कुणी हसत होतं, आणि मी मूर्खासारखी खूश झाले. खजिनदार हसला, मग त्याने खिशातून पेन काढून एकोणतीस हा आकडा लिहून घेतला.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, तो तरी ग्रँड म्हणेल. त्याने जेवता जेवता विचारलं, "मग आता काढणार का त्याला?"

"छे! सीझनच्या मध्यात कसं काढतील?"

"अगं, तू त्यांना माणसाची कॉस्ट काढून दिलीस. आमच्याकडे कॉस्टचा कागद निघाला की पंधरा दिवसांत खुर्ची रिकामी होते." त्याच्या कंपनीत त्या वर्षी बऱ्याच खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. मला त्याचा राग आला. ताट तसंच ठेवून मी उठले.

पंधरा दिवससुद्धा लागले नाहीत. दोन आठवड्यांचा पगार आणि परतीचं तिकीट, एवढ्यावर त्याला मोकळं केलं. कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, कमी पैशांत येणारा दुसरा अमेरिकन ठरलाही होता.

जाण्याच्या आदल्या दिवशी तो मला त्या कोपऱ्यावरच्या दुकानात भेटला. माझी वाटच बघत होता. खिशातून फोनचं कार्ड काढून म्हणाला, "यात चाळीसेक मिनिटं शिल्लक आहेत. मला आता याचा उपयोग नाही." पाठीमागे पेनने एक नंबर लिहिला होता. "हा माझ्या घरचा. टीम एक तरी सामना जिंकली तर कळवा."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तोच आधी बोलला.

"कमिटीला गुडघ्याचं कळलं, मॅम. इथल्या डॉक्टरनेच सांगितलं असणार, लहान गाव आहे. तुम्हाला तर पहिल्यापासून माहीत होतं. तुम्ही कुणापाशी बोलला नाहीत." आणि त्याने हात पुढे केला. "थँक यू."

तेव्हा सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी त्याचा हात हातात घेतला आणि ते थँक यू ठेवून घेतलं.

पुढचे मंगळवार मी घरीच बसले. हॉलवरून जायचा रस्ता सोडून लांबून भाजी आणायला लागले. सामन्यांना जात होते, कारण नाही म्हणायला कारण सुचत नव्हतं, पण वही नेली नाही. नवा पोरगेला अमेरिकन खूप उड्या मारायचा, तरी आम्ही हरतच होतो. अडचण बहुधा पोस्टमनमध्ये होती. ते मी कधी मांडून पाहिलं नव्हतं, कारण त्याला पगार नव्हता.

मार्चमधला शेवटचा सामना आम्ही दोन गुणांनी जिंकलो. लोक कोर्टवर धावले, सेक्रेटरीबाईंनी मला मिठी मारली. मी स्कोअरशीटवर सही केली आणि चालत घरी आले.

सोमवारी सकाळी नवरा गेल्यावर मी ते कार्ड काढलं. अमेरिकेत तेव्हा पहाटही झाली नव्हती, म्हणून आधी आईला फोन लावला. नेहमीचा प्रश्न आला, "कोणी बोलाले आहे का तिथं?"

"होता एक जण," मी म्हणाले. "गेला."

"काहून गेला?"

मग मी तिला सगळं सांगितलं. मंगळवार, गुडघा, वही, ठेवणीतला ड्रेस, पिशव्यांची गंमत. शेवटी ती म्हणाली, "मंग तू त्याले सांगितलं का नाही?"

"नाही."

"सांगून टाक. तो तिथं बसून त्या डॉक्टरले उगाच शिव्या देत असन."

मी हो म्हणाले. फोन ठेवला. कार्डात अजून एकवीस मिनिटं होती. दुपारी त्याला लावू म्हणून ते प्रेसमध्ये, म्हणजे भांड्यांच्या कपाटात, चहाच्या डब्यामागे ठेवलं. दुपारी मी पोळ्या केल्या, ओटा घासला, इस्त्री केली. दुसऱ्या दिवशीही काहीतरी केलं.

जूनमध्ये एकदा लावून पाहिला. यंत्रातली बाई म्हणाली की कार्डाची मुदत संपली आहे. मला हायसं वाटलं, हे मला लपवता येणार नाही. मुदत कार्डाची संपली होती, पाठीमागचा नंबर स्वच्छ वाचता येत होता. कोपऱ्यावरच्या दुकानात पाच युरोंना नवं कार्ड मिळत होतं, आणि आईसाठी मी ते दर आठवड्याला आणत होते.