व्हर्लीनचं ‘या ना आत’

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात व्हर्लीन प्रुइटच्या दारात कुणीही आलं, की तिच्या तोंडून आपसूक निघायचं, “या ना आत, पाय पुसा तेवढे!” पोलीस आले तेव्हाही तेच निघालं. त्यांच्याकडे वॉरंट नव्हतं, पण तुरुंगातून सुटून आलेल्या तिच्या भावाच्या खाटेखाली पिस्तूल सापडलं. शिक्षा भोगून आलेल्याला तिथे पिस्तूल बाळगायला बंदी होती.

“मिस व्हर्लीन, तुम्ही बोलावलं नसेल तर झडती बेकायदा. पिस्तूल पुराव्यातून बाद होईल,” भावाच्या वकीलबाई म्हणाल्या.

भाऊ ऑस्बर्न कसंनुसं हसला. “ताई, जन्मात एकदा तरी उद्धट हो की!”

कोर्टात बायबलवर हात ठेवून ती उभी राहिली.

“पोलिसांना आत कुणी बोलावलं?” न्यायाधीशांनी विचारलं.

“मीच.”

झडती कायदेशीर ठरवून न्यायाधीशांनी पुढचा खटला पुकारला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरायचं व्हर्लीनला सुचेचना.