पांढरी पूड, केशरी पूड

आमच्या वन्सं कधी स्वस्थ बसलेल्या मी पाहिल्या नाहीत. जेवतानाही एक पाय हलतच असतो. सासूबाई म्हणायच्या, "देवाने हिला पायाला भिंगरी बांधूनच पाठवलंय." लग्न केलं नाही, पण क्ष-किरणांशी संसार थाटला.

त्यांचं काम मी माझ्या पद्धतीने समजून घेतलंय. कारखान्यात एका रसायनाचं दुसरं करायला एक पूड लागते. वाळूच्या जातीची, वर व्हॅनेडियमच्या ऑक्साइडचा नुसता हात फिरवलेला. त्यातले धातूचे अणू एकेकटे बसलेत की घोळक्याने, ते क्ष-किरणांनी पाहायचं. पडद्यावर आलेख उमटतो. सुरुवातीचं टोक उंच आलं तर एकेकटे, बुटकं आलं तर घोळका.

मोठ्या यंत्रावर वर्षातून एकदाच पाळी मिळते. आज शेवटचा दिवस. डबा घेऊन गेले, तर वन्संच्या येरझारा चालू.

"टोक बुटकं आलंय, वहिनी."

"वाईट झालं का?"

"छे! आमचे प्रयोगशाळेचे सर खूश आहेत. घोळकाच असणार, असं ते पहिल्यापासून म्हणतात. फोनवर म्हणाले, लगेच छापायला पाठव."

"मग तोंड एरंडेल प्यायल्यासारखं का?"

त्यांनी मला हाताला धरून यंत्राच्या इवल्याशा काचेपाशी नेलं. आतली पूड फिकट केशरी दिसत होती.

"सकाळी तापवून वाळवली तेव्हा पांढरी शुभ्र होती. ओल लागली की हा रंग येतो, आणि अणू एकमेकांना बिलगतात. कुठूनतरी बाहेरची हवा शिरतेय."

पुडीवर कोरडा वायू सोडणाऱ्या नळीच्या सांध्यांवर त्यांनी साबणाचं पाणी लावलं. एका सांध्यावर बुडबुडा फुगला; गळती तिथेच होती. सांधा आवळला, पण आता पूड पुन्हा वाळवायची म्हणजे उरलेली पाळी त्यातच जाणार. कदाचित हाती काहीच लागणार नाही.

सरांना फोन लावला. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "अगं, हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला? वर्ष जाईल तुझं!"

"ओल्या पुडीचं माप कोरडीच्या नावावर कसं खपवू, सर? गेलं तर गेलं वर्ष."

फोन ठेवला आणि पुन्हा येरझारा. मी बाकावर बसून नामस्मरण धरलं. 'देवा, टोक उंच येऊ दे' म्हणणार होते, तेवढ्यात जीभ चावली. म्हटलं, जे असेल तेच दिसू दे.

पूड पांढरी झाली. पुढच्या पाळीची माणसं खोकी घेऊन दारात उभी, तेव्हा एकच आलेख निघाला. घाईत घेतलेला, म्हणून रेघ थरथरती, पण टोक उंच.

"आता सर काय म्हणतील?"

"एका थरथरत्या रेघेवर कोण विश्वास ठेवणार, म्हणतील. खरंच आहे ते. पुढच्या वर्षी आधी साबणाचं पाणी, मग पूड. डबा उघडा, वहिनी, भुकेने जीव चाललाय."

बाहेर पायरीवर बसून जेवल्या. पाय हलतच होता.