दादीनं एकदाच गायलेला ढावलो

कळमनुरीच्या बाजारात मिरच्या विकत मी शिकलो आणि कॉलेजात मराठी शिकवू लागलो. घासाघीस अंगात मुरली, रागही. राग मुख्यतः माझ्या जुन्या मार्गदर्शकांवर. गावोगाव हिंडून मी जमवलेली गाणी त्यांनी स्वतःच्या पुस्तकात घातली आणि माझे साधे आभारही मानले नाहीत. ते मी अजून विसरलेलो नाही.

गेल्या वर्षी एम.ए.च्या एका मुलीनं संशोधनाला ढावलो घेतला. बंजारा तांड्यावरची नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, ती गाणी. तिच्या दादीला ती सगळी येत होती. प्रकल्प द्यायला आठवडा उरला आणि हातात एकही गाणं नाही! चूक माझी. “घरचीच माणसं, कधीही गातील,” असं मीच म्हणालो होतो. पण घरातून पोरगी निघत नसताना ढावलो गायला तर अपशकुन होतो, म्हणून दादी तोंड उघडेना.

मी मोटारसायकलवरून तांडा गाठला आणि सौदा सुरू केला.

“घरात नको, तांड्याबाहेर लिंबाखाली?”

“न्हाई.”

“मोबाइल बंद ठेवतो. नुसतं लिहून घेतो.”

“न्हाई.”

“बरं, दोनच ओळी.”

“काहून? वांगे हायेत का, पावशेर तोलून द्यायला?”

जमलेल्या बाया खो-खो हसल्या. माझं डोकं तापलं. “तुमच्यामागं हे कोण गाणार, आजी?” मी ओरडलोच.

“सर, तुमी जरा गप बसा,” मुलगी म्हणाली. मग मला कळावं म्हणून मराठीतच, “दादी, पुढच्या महिन्यात मी नांदेडला चालले पुढचं शिकायला. मी निघून राहिले न्हाई का?”

“तू तर परत येशील.”

“सासरहून येतात तशीच. सणाला.”

दादी उठली. नातीला कवटाळलं आणि लांबच लांब सूर निघाला.

मुलगी ढसाढसा रडू लागली. लिहिणार कोण? मोबाइल मी बंदच ठेवला होता. तिची वही ओढली. मला त्यांची गोरमाटी बोली येत नाही. कानावर पडेल ते उतरवत सुटलो. आणि मधेच ऐकू आलं, “कालेज”! सासरच्या जागी दादीनं कॉलेज घातलं होतं! लोकगीत गाणाऱ्याच्या तोंडी घडतं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. आज ते माझ्यासमोर घडत होतं. मी बाजेवरून उठून उभाच राहिलो.

नंतर मुलीनं मी उतरवलेले शब्द दुरुस्त केले. चार ओळी मात्र सुटल्या होत्या.

“दादी, तेवढ्या पुन्हा?” मी विचारलं.

“लेकरू एकदाच निघालं.”

“मग तूच भर,” मी मुलीला म्हणालो. “कुणाला कळतंय?”

“न्हाई सर. ठिपके देते. खाली लिहिते, सर उठून उभे राहिले तेव्हा निसटल्या.”

मी भांडलो. ती ऐकेना. तोंडी परीक्षेत तिला पहिला प्रश्न त्या ठिपक्यांवरच आला, आणि ती अर्धा तास बोलायची थांबलीच नाही.