पंखा थांबेपर्यंत

छोटूची पन्नाशी उलटली होती, डोक्याला टक्कल पडलं होतं, नात रांगायला लागली होती; तरी घरीदारी तो छोटूच राहिला. नाव मोठ्या बहिणीने ठेवलेलं, आणि ताईने ठरवलेलं काही बदलायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. धंदा त्याचा लोकांच्या भिंतींत होम थिएटर बसवून देण्याचा. पडदा अलगद छतातून उतरावा, स्पीकर भिंतीत दडावेत, एक वायर डोळ्यांना दिसू नये, या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. शिडीवर चढला की तो शिट्टी वाजवायचा. गेले काही महिने मात्र ती शिट्टी कुणाच्या कानावर आली नव्हती, आणि त्याला कारण ताईच्याच घरातलं थिएटर होतं.

ताईच्या यजमानांनी, म्हणजे दाजींनी, निवृत्त झाल्यावर हौसेने मागची खोली त्यासाठी मोकळी केली. बाहेरचा माणूस कशाला, घरचा आहे ना, म्हणून काम छोटूला दिलं. छोटूने जीव ओतून ते केलं. प्रोजेक्टर तर छतातल्या लाकडी पेटीत असा बसवला, की पाहुण्यांना विचारावं लागे, चित्र येतं कुठून?

पुढे पुढे ते येईनासंच झालं. प्रोजेक्टरचा दिवा गेला. छोटूने नवा घातला, तोही गेला. त्याला विजेच्या दाबाचा संशय आला, म्हणून स्टॅबिलायझर बसवला. दिवा गेला. पेटीत हवा कोंडत असेल म्हणून सुताराला बोलावून तिला जाळ्या पाडून घेतल्या. दिवा गेला. उंदरांवर आळ घेऊन झाला, नव्या वायरी ओढून झाल्या. छोटू समोर असला की यंत्र शहाण्या मुलासारखं चालायचं. त्याची पाठ वळली की पुन्हा अंधार.

"दाजी, बंद नीट करता ना?" त्याने एकदा फोनवर विचारलं.

"रिमोटने करतो. दुसरं कशाने करणार, फुंकर मारून?"

दाजी छोटूला जे बोलत ते एक वेळ परवडलं. ताईला मात्र ते उठता-बसता ऐकवत. पाहुण्यांसमोर म्हणत, "हिच्या भावाची टॉकीज आज परत संपावर गेली बरं का!" पाहुणे हसत आणि ताई चहाच्या निमित्ताने आत जाई. शेवटी दाजींनी जाहीर केलं, "रविवारी एकदा बघतो. परत बिघडलं तर सोमवारी सगळं उखडून टाकणार, भिंतीसकट."

भिंतीचं छोटूला एवढं काही नव्हतं. पण त्या उखडलेल्या भिंतीकडे बोट दाखवून ताईला जन्मभर बोलणी बसणार, हे त्याला दिसत होतं, आणि त्या विचाराने त्याचं डोकं फिरत होतं.

रविवारी दुपारी त्याने नवा दिवा घातला. नेहमीप्रमाणे हत्यारं आवरून निघाला, तर दाजींनी दार अडवलं. "आज कुठे निघालास? सिनेमा संपेपर्यंत इथेच बसायचं."

बसला बिचारा. पडद्यावर कोण कुणाशी भांडत होतं याकडे त्याचं लक्ष नव्हतं. मान वर करून तो पेटीकडेच बघत होता. सिनेमा सुरळीत संपला. दाजींनी रिमोट दाबला, आळस दिला आणि पाय मोकळे करायला ते गच्चीवर गेले. वर प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता. ताईने उशा सारख्या केल्या, दारामागे हात घातला आणि खट्‌कन प्रोजेक्टरचा मेन स्विच बंद केला. घरघर थांबली.

"ताई! हे काय केलंस?"

"काय म्हणजे? बंद केलं."

"रोज करतेस?"

"मग? रिमोट दाबला तरी वर घरघर चालूच. ह्यांचं कुठे असतं लक्ष? सगळं मलाच बघावं लागतं."

छोटूने कपाळावर हात मारून घेतला. "अगं, तो दिवा निखाऱ्यासारखा तापतो. बंद केल्यावर पंखा त्याला गार करतो, मग आपोआप थांबतो. मधेच वीज तोडलीस की दिवा आपल्याच उष्णतेने भाजून निघतो!"

"मग काम झालं की मेन बंद करत जा, हे मला कुणी सांगितलं? तूच ना?"

काम सोपवताना हे वाक्य छोटू प्रत्येक गिऱ्हाइकाला सवयीने ऐकवायचा. सगळे माना डोलवायचे आणि विसरून जायचे. त्याचं म्हणणं मनावर घेणारं गिऱ्हाईक एकच निघालं, आणि ती नेमकी सख्खी बहीण!

ताईचा आवाज एकदम खाली आला. "ह्यांना सांगू नकोस रे. आधीच काय कमी ऐकतेय?"

"काय कुजबुज चाललीय भावाबहिणीची?" दाजी दारात उभे होते.

"बिघाड सापडला, दाजी," छोटू म्हणाला. "चूक माझी आहे. पंखा थांबेपर्यंत मेन बंद करायचा नसतो. मी ताईला उलटंच सांगून ठेवलं होतं आणि ती बिचारी तसं करत आली."

दाजी आता कडाडणार म्हणून ताईने पदर सावरला. पण दाजी नुसतेच खाकरले. "म्हणजे... कुणीही बंद केला तरी दिवा जातो?"

"कुणीही."

"ही बाहेरगावी होती ना, तेव्हा मीच करत होतो. ती घरघर ऐकवत नाही रे."

ताईने मान वर केली. "म्हणजे तो दिवा तुम्ही उडवलात?"

"उडवला काय? गेला तो."

"आणि मी आल्या आल्या मलाच सुनावलंत? पाहुण्यांसमोर?"

"सुनावलं कुठे? थट्टा करत होतो."

"तुमची थट्टा संपली आता. आणि भिंत आहे तिथेच राहील."

दाजींनी मोर्चा छोटूकडे वळवला. "तू तिथे पाटी लावायला नको होतीस?" छोटूने घराची वीज बंद केली, दारामागचा स्विच काढून प्रोजेक्टरची वायर सरळ जोडली आणि भोकावर कोरी पट्टी घट्ट आवळली. मग वीज सुरू करून प्रोजेक्टर थोडा वेळ चालवला आणि रिमोटने बंद केला.

पंखा घरघरू लागला. तिघंही माना वर करून उभे.

"अजून चालूच आहे," ताई म्हणाली.

"असू दे!" छोटू ओरडला.

तेवढ्यात दाजींचा हात सवयीने दारामागे गेला आणि कोऱ्या पट्टीवर चाचपडू लागला.

"तुम्ही दोघंही बाहेर व्हा बघू आधी," छोटू वैतागून म्हणाला.

"तू जा, तोंडावर पाणी मार जरा," ताई खुर्ची ओढत म्हणाली. "ह्यांच्यावर मी लक्ष ठेवते."